मंकी आयलंड: सुरुवात नव्यापासून करावी की जुन्यापासून?

‘मंकी आयलंड’ या समुद्री चाच्यांच्या, कोडी सोडवायच्या गेम्सच्या मालिकेचं नाव पुष्कळ ऐकलंय, पण एकही गेम खेळलेला नाही. मग 2022चा ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ थेट सुरू केला तर चालेल का? हा प्रश्न जुन्या खेळाडूंसमोर टाकला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बिनधास्त घे, नवख्यांनाही जमेल असाच केलाय तो. दुसरा म्हणतो, 1990चा पहिला गेम न खेळता नव्याला हात लावणं म्हणजे कीर्तनाच्या आरतीला येऊन बसणं. शिवाय कोपऱ्यात एक तिसरा असतो. तो नव्या गेमच्या चित्रांवर अजून रुसलेला आहे आणि बाकीचं काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘रिटर्न’ चांगला गेम आहे, पण तो आठवणींवर चालतो. पहिल्या दोन गेम्सच्या आठवणी गाठीशी नसतील, तर त्यातला निम्मा माल तुमच्या डोक्यावरून जाईल, आणि तो गेला हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून आधी जुने. याला अपवाद आहेत, तेही पुढे येतीलच.

मालिकेत मुख्य गेम्स सहा. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ 1990मध्ये आला. त्याचा दुसरा भाग, ‘लेचक्स रिव्हेंज’, 1991मध्ये. हे दोन्ही रॉन गिल्बर्टच्या नेतृत्वाखाली झाले, सोबत टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन होते. गिल्बर्टने त्यानंतर लुकासफिल्मची ही गेम कंपनी सोडली, पण मालिकेचे हक्क कंपनीकडेच राहिले. 1997चा ‘कर्स’ जोनाथन ॲक्ली आणि लॅरी अहर्न यांनी केला. 2000 साली ‘एस्केप’ आला. 2009मध्ये टेलटेल कंपनीने पाच भागांत ‘टेल्स’ काढला. लुकासफिल्म पुढे डिस्नेकडे गेली. शेवटी 2022मध्ये गिल्बर्ट आणि ग्रॉसमन परत आले आणि ‘रिटर्न’ झाला.

नवख्या माणसाने यातल्या ‘एस्केप’ आणि ‘टेल्स’ची काळजी करू नये. ‘एस्केप’मध्ये माउस काढून घेतला आणि पात्राला कीबोर्डवरून हाकायला लावलं. शेवटाकडे त्यात ‘मंकी कॉम्बॅट’ नावाची माकडचेष्टांची लढाई आहे, ती तर शत्रूलाही सुचवणार नाही. ‘टेल्स’ बरा आहे, पण तो नंतरचा विषय. तेव्हा खरी तुलना तिघांची: जुनी जोडी, ‘कर्स’ आणि ‘रिटर्न’.

चित्रांवरून झालेलं भांडण

1 एप्रिल 2022 रोजी गिल्बर्टने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की आपण आणखी एक मंकी आयलंड करायचं ठरवलंय. गंमत अशी, की त्याचा ब्लॉग ‘आम्ही एप्रिल फूल करत नाही’ याच गोष्टीसाठी ओळखला जायचा. त्यामुळे निम्म्या लोकांनी हसून सोडून दिलं आणि निम्म्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. तीन दिवसांनी अधिकृत घोषणा आली. त्यानंतर गेमची चित्रं बाहेर पडली आणि आनंदाचं रूपांतर भांडणात झालं.

कलादिग्दर्शक रेक्स क्रोल. त्याची शैली कागद कापून चिकटवल्यासारखी: टोकदार नाकं, लांबट हातपाय, तिरक्या खिडक्या, सपाट रंग. चाहत्यांपैकी अनेकांना हवे होते पिक्सेल, म्हणजे जुन्या गेम्ससारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं. त्यांची मागणी हवेतून आलेली नव्हती. 2013मध्ये गिल्बर्टनेच लिहून ठेवलं होतं, की आपण पुन्हा मंकी आयलंड केला तर तो जुन्या धाटणीचा, पहिल्या दोन गेम्सशी नातं सांगणारा, कमी रिझोल्यूशनचा असेल. 2017मध्ये त्याने ‘थिंबलवीड पार्क’ हा वेगळा गेम तसा करूनही दाखवला होता. मग आता हे काय, असं विचारणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही.

गिल्बर्टचं उत्तर मला जास्त पटतं. पहिले दोन गेम्स पिक्सेलचे दिसतात ते आजच्या डोळ्यांना. त्या वेळी ती त्या यंत्रांवर शक्य असलेली सर्वांत पुढची चित्रकला होती. पहिला गेम आधी 16 रंगांत आला आणि लगोलग 256 रंगांत. दुसऱ्यात तर पार्श्वभूमी कागदावर हाताने रंगवून स्कॅन केली. ‘कर्स’ थेट ॲनिमेशनपटासारखा झाला आणि त्यात नायक गायब्रश ताडमाड उंच झाला. ‘एस्केप’ने त्रिमितीत उडी मारली. म्हणजे चेहरा बदलणं हीच या मालिकेची परंपरा आहे, आणि दर वेळी कुणीतरी नाक मुरडलेलं आहे. 2022मध्ये मात्र नाक मुरडण्यावर भागलं नाही. भाषा इतकी खालच्या थराला गेली, की गिल्बर्टने ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि गेमबद्दल आणखी काही दाखवणार नाही असं सांगून टाकलं.

निवड करणाऱ्याने या भांडणाला किती महत्त्व द्यावं? फार थोडं. स्थिर चित्रात ती शैली खरंच विचित्र वाटते. पण ती हलू लागली, दिव्यांचा पिवळा उजेड ओल्या दगडांवर पडला, बोलताना कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला, की अर्ध्या तासात डोळा सरावतो. मला पहिल्या बेटावरची रात्रीची गल्ली नव्या रूपात बघताना एकच गोष्ट खटकली. जुन्या गेममध्ये अंधाराला निळा रंग होता आणि बेट शांत, जवळजवळ उदास वाटायचं. नव्यात सगळं जरा जास्त लगबगीचं आहे. (त्या बेटाचं नाव ‘मेले’. मराठी कानाला पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, पण तिथे सहसा कुणी मरत नाही.)

जुन्या जोडीच्याही आता दोन-दोन आवृत्त्या आहेत. 2009 आणि 2010मध्ये त्यांच्या ‘स्पेशल एडिशन’ निघाल्या: नवी चित्रं, नवं संगीत, पात्रांना आवाज. एक कळ दाबली की क्षणात जुनं चित्र, पुन्हा दाबली की नवं. पहिल्या गेमची नवी चित्रं गुळगुळीत पण निर्जीव आहेत आणि गायब्रशच्या केसांचं काय केलंय ते देव जाणे. शिवाय तिथे जुन्या चित्रांवर गेलात की आवाज बंद होतात. दुसऱ्या गेममध्ये ही चूक सुधारली, जुनी चित्रं ठेवून आवाज ऐकता येतात. माझा सल्ला: दुसरा गेम तसाच खेळा. पहिल्यात मात्र मन घट्ट करून जुनी चित्रं आणि मुकी पात्रं निवडा, आणि अधूनमधून कळ दाबून नवं रूप बघून या.

क्रियापदं गेली, काय गेलं?

मूळ पहिल्या गेममध्ये पडद्याच्या तळाशी बारा क्रियापदं होती. उघड, बंद कर, ढकल, ओढ, उचल, दे, वापर, बघ, बोल अशी. आधी क्रियापद निवडायचं, मग वस्तू. पुढे ती नऊवर आली. ‘कर्स’मध्ये माउस दाबून धरला की एक सोन्याचं नाणं उमटतं आणि त्यावर हात, डोळा, तोंड एवढेच पर्याय असतात. ‘रिटर्न’मध्ये तेही नाही. वस्तूवर बाण नेला की गायब्रश तिथे काय करेल हे त्याच्याच मनातल्या बोलीत दिसतं, आणि तुम्ही क्लिक करता. जिथे हात लावता येईल अशा जागा एका बटणाने उजळूनही निघतात.

नवी पद्धत सोयीची आहे यात वाद नाही. फोनवर, कन्सोलवर, सोफ्यावर लोळून खेळायला हीच बरी. शिवाय मनातली वाक्यं हे विनोदाचं नवं दुकानच झालंय. त्याच वस्तूवर परत आलात की वाक्य बदललेलं असू शकतं.

पण बारा क्रियापदांत एक गोष्ट होती ती परत आली नाही: मूर्खपणा करायची मुभा. दरवाजा उचलून बघणं, माणसाला ढकलणं, कुत्र्याशी गप्पा मारणं. बहुतेक वेळा नकार मिळायचा, पण नकारातच लेखक लपलेले असायचे. नव्या गेममध्ये लेखकाला जे सुचलं तेच तुम्ही करता. जुन्यात, निदान थोडा वेळ, आपल्याला काहीतरी सुचलं असं वाटायचं. ज्याने जुना प्रकार कधी अनुभवलाच नाही त्याला याची उणीव भासणार नाही. ज्याने अनुभवला त्याला पहिले दोन तास हात बांधल्यासारखे वाटतील.

कोडी: इथे खरा फरक आहे

मंकी आयलंड म्हणजे काय, हे एकाच कोड्यात सांगायचं तर पहिल्या गेममधली तलवारबाजी. गायब्रश थ्रीपवुडला समुद्री चाचा व्हायचंय. त्यासाठी तीन परीक्षा: तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध. तलवारबाजीच्या परीक्षेत बोटांची चपळाई लागत नाही, जीभ लागते. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही त्याला चोख उत्तर द्यायचं. उत्तर बसलं तर तुमची सरशी, नाही बसलं तर माघार. सुरुवातीला तुमच्याकडे धड टोमणेही नसतात आणि उत्तरंही नसतात. मग रस्त्यावर भेटेल त्या चाच्याशी भिडायचं, हरायचं, आणि हरताना त्याने मारलेला टोमणा लक्षात ठेवायचा. पुढच्याला तोच मारायचा आणि तो काय उत्तर देतो ते ऐकायचं. पराभव हीच शिकवणी.

अशी सगळी जुळवाजुळव करून तुम्ही तलवारीची उस्ताद कार्लासमोर उभे राहता, आणि ती तुम्ही कधीच न ऐकलेले टोमणे मारू लागते. घाम फुटतो. मग लक्षात येतं, की टोमणे नवे असले तरी तुमच्याजवळची जुनीच उत्तरं त्यांना बसतात, फक्त कोणतं कुठे ते ओळखायचंय. पाठांतर संपलं, आता भाषा कळते का ते बघू, असं म्हणणारं कोडं. तीसहून जास्त वर्षांनंतरही या तोडीचं दुसरं मी पाहिलेलं नाही, ‘रिटर्न’मध्येही नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. हे गेम्स इंग्रजीत खेळायचे आणि त्यांचा जीव शब्दखेळात आहे. त्याचा त्रासही होतो. दुसऱ्या गेममधलं धबधब्याचं कोडं त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. एका बेटावर धबधब्याचं पाणी बंद करायचंय, पंपाची चावी फिरवायला पाना हवाय. पाना कुठेच मिळत नाही. दुसऱ्या बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात जोजो नावाचं माकड पियानो वाजवत बसलेलं असतं, शेजारी ताल धरणारा मेट्रोनोम. त्या मेट्रोनोमवर केळं ठेवलं, की माकडाची नजर केळ्यामागे डोलता डोलता ते संमोहित होऊन ताठ होतं. मग ते ताठ माकड खिशात घालायचं आणि पान्यासारखं पंपाला लावायचं. का? कारण अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. हे ठाऊक नसलेल्याने काय करावं? माझ्या ओळखीतल्या एकानेही ते हिंटशिवाय सोडवलेलं नाही, मीही नाही. उत्तर कळल्यावर मी संतापलो होतो. आता मात्र ते आठवून दर वेळी हसू येतं, आणि ‘रिटर्न’मधलं एकही कोडं मला इतकं तपशिलात आठवत नाही. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

अन्यायाच्या बाबतीत जुने गेम्स त्यांच्या काळाच्या मानाने सभ्यच होते. त्या वेळच्या इतर साहसी गेम्समध्ये चुकीच्या दगडावर पाय पडला तरी मरण यायचं. गिल्बर्टला हे पटत नव्हतं, 1989मध्ये त्याने त्यावर लेखही लिहिला होता. म्हणून इथे मरण जवळजवळ नाहीच. पहिल्या गेममध्ये कड्यावरून गायब्रश खाली पडतो, पडद्यावर ‘तुम्ही मेलात, जुना सेव्ह उघडा’ अशा थाटाची पाटी येते, आणि दोन क्षणांनी तो खालून उसळी मारून परत वर येतो. खाली रबराचं झाड होतं म्हणे! स्पर्धक कंपन्यांची यापेक्षा गोड टिंगल कुणी केली नसेल. खरं मरण एकच: गायब्रश दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी बढाई मारतो, आणि पाण्याखाली तुम्ही खरोखरच दहा मिनिटं काही केलं नाहीत तर तो बुडतो.

‘रिटर्न’ची कोडी तलवारबाजी आणि मंकी रेंच या दोन्हींच्या मधली. न्याय्य, नीट बांधलेली, भाषेवर कमी विसंबणारी. सुरुवातीचं मोठं काम घ्या. शत्रू असलेल्या लेचकच्या जहाजावर साफसफाई करणारा खलाशी म्हणून लपून शिरायचंय, आणि त्यासाठी स्वतःचा मॉप हवा. एवढ्याशा मॉपपायी अख्खं मेले बेट पालथं घालावं लागतं, एका कामातून तीन कामं फुटतात, आणि शेवटी सगळे धागे एकत्र येतात तेव्हा बरं वाटतं. कारागिरी पक्की आहे, पण कुठेही ‘अरे बापरे’ होत नाही.

अडलात तर पिशवीत हिंटची पोथी असते. ती एकदम उत्तर देत नाही. आधी नुसतं बोट दाखवते, पुन्हा विचारलं तर जरा जास्त सांगते. जुन्या चाहत्यांना ही पोथी म्हणजे पाप वाटते. त्यांच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहे, की ती हाताशी आहे म्हटल्यावर माणूस पाच मिनिटांत तिच्याकडे वळतो. जुन्या स्पेशल एडिशनमध्येही मदतीची सोय आहे, त्यामुळे हा वाद नव्या गेमपुरता नाही. ज्याचा त्याचा संयम.

एक मात्र नक्की सांगेन. ‘रिटर्न’ सुरू करताना सोपा आणि अवघड असे दोन मार्ग समोर येतात. अवघड निवडा. सोप्यात कोड्यांच्या पायऱ्याच गाळलेल्या आहेत, आणि या प्रकारच्या गेममध्ये पायऱ्या हाच गेम असतो. ‘कर्स’मध्येही असेच दोन मार्ग आहेत, तिथेही कठीण ‘मेगा मंकी’च घ्यावा. दुसऱ्या गेमच्या मूळ आवृत्तीतही एक ‘लाइट’ प्रकार होता, म्हणजे नवख्यांसाठी सोपं करण्याची ही कल्पना चाहते सांगतात तितकी नवी नाही.

गोष्ट, आणि तो शेवट

इथून पुढे रहस्य फोडत नाही, पण वास येईल एवढं सांगावं लागेल.

1991च्या दुसऱ्या गेमचा शेवट असा काही विचित्र होता, की खेळणारे पडद्याकडे बघत राहिले. गिल्बर्ट कंपनी सोडून गेला आणि त्या शेवटाचा अर्थ सोबत घेऊन गेला. ‘कर्स’च्या लेखकांनी त्या कोंडीतून वाट काढली, ती ठीक होती, पण ती त्यांची होती. पहिल्या गेमच्या नावातच जे ‘रहस्य’ आहे ते नेमकं काय, हेही कधी उघड झालं नाही. चाहत्यांनी तीस वर्षं तर्क लढवले. ‘रिटर्न’ सुरू होतो तो नेमका 1991च्या त्या शेवटाच्या पुढच्या क्षणापासून, आणि रहस्य शोधायचंच असा त्याचा निर्धार आहे.

आता हे नवख्याच्या नजरेतून बघा. त्याला पहिल्या दहा मिनिटांत एक छानसा प्रसंग दिसेल, बस्स. ज्याने दुसरा गेम संपवलाय त्याच्या मात्र अंगावर काटा येईल. तसंच बेटावर वॅली नावाचा नकाशेवाला भेटतो. नवख्याला तो नुसता दुकानदार. जुन्या खेळाडूला आठवतं, की याचा एका डोळ्याचा चष्मा आपणच लांबवला होता आणि आपल्यामुळेच हा बिचारा संकटात सापडला होता. कार्ला आता बेटाची गव्हर्नर आहे. चाच्यांच्या जुन्या पुढाऱ्यांना बाजूला सारून त्यांच्या जागी तिघं तरुण आलेत, त्यांना गायब्रशच्या जुन्या पराक्रमांचं काडीचं कौतुक नाही. गेम तिथे स्वतःबद्दलच बोलतोय, वय झालेल्या मालिकेबद्दल आणि वय झालेल्या चाहत्यांबद्दल. हे टोचणं नवख्याला टोचणारच नाही.

थेट ‘रिटर्न’ घ्या म्हणणारे इथे स्क्रॅपबुककडे बोट दाखवतात. गेमच्या सुरुवातीच्या मेनूत एक चिकटवही आहे, तिच्यात गायब्रश आधीच्या सगळ्या गेम्सची गोष्ट थोडक्यात सांगतो. सोय उत्तम आहे. पण ते दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघण्यासारखं आहे. कोण कोणाचं हे कळतं, मात्र आपण मांडवात नव्हतो हे विसरता येत नाही. जुने गेम्स वीस वर्षांपूर्वी खेळून विसरलेल्यांसाठी मात्र ती वही अगदी मोलाची.

आणि शेवट. चित्रांचं भांडण गेम आल्यावर महिनाभरात विरून गेलं, शेवटाचं भांडण अजून चालू आहे. एका बाजूचं म्हणणं: तीस वर्षं थांबवून असं उत्तर देतात होय? दुसऱ्या बाजूचं: याहून प्रामाणिक उत्तर असूच शकत नव्हतं. मी दुसऱ्या बाजूचा, पण पहिल्या बाजूचा राग मला समजतो. उत्तराचा बराचसा भार गेम खेळणाऱ्यावर सोपवतो. ज्याच्याकडे आठवणींचं ओझं आहे त्याला तो भार पेलायचा की झटकायचा हे ठरवावं लागतं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या हाती रिकामी पेटी लागल्यासारखं होईल, आणि त्यात त्याची चूक नाही.

‘कर्स’ची गोष्ट या सगळ्या भानगडीपासून मोकळी आहे. जादूची अंगठी, सोन्याचा पुतळा झालेली गायब्रशची प्रेयसी एलेन, आणि मरे नावाची बडबडी कवटी, जी जग जिंकण्याच्या धमक्या देते आणि हात-पाय नसल्यामुळे जागची हलू शकत नाही. सहाही गेम्समध्ये निखळ हसवणारा हाच. गिल्बर्टचा हात नसल्यामुळे कडवे चाहते त्याला सावत्र मानतात. मी मानत नाही.

कानांसाठी

संगीत तिन्हीकडे मायकल लँडचं आहे, ‘रिटर्न’मध्ये पीटर मॅककॉनल आणि क्लिंट बजाकियनही सोबत आहेत. तरी एक प्रयोग आवर्जून करा. दुसऱ्या गेममध्ये वूडटिक नावाची, मोडक्या जहाजांवर वसलेली वस्ती आहे. तिथे एका खोलीतून दुसरीत जा आणि नुसतं ऐका. धून तीच राहते, पण वाद्यं बदलतात, सुरावट नव्या खोलीच्या स्वभावात वळते, आणि जोड कुठेच ऐकू येत नाही. 1991मध्ये, ‘आयम्यूज’ नावाच्या खास त्यासाठी रचलेल्या यंत्रणेवर हे चालायचं.

गायब्रशचा आवाज 1997पासून डॉमिनिक अरमाटोचा आणि तोच ‘रिटर्न’मध्येही आहे. स्पेशल एडिशनमध्येही तोच, त्यामुळे कुठूनही सुरू केलंत तरी माणूस ओळखीचाच राहतो. लेचकचा आवाज बदलला. अर्ल बोएन निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी जेस हार्नेल. नवख्याला फरक कळणार नाही, जुन्यांना पहिले दोन-तीन प्रसंग चुकल्यासारखं होतं.

मग कोणी काय घ्यावं?

कोडी सोडवायची खरी आवड असेल आणि जुनी चित्रं बघून पळ काढणार नसाल, तर पहिला, दुसरा, मग ‘रिटर्न’. मधला ‘कर्स’ जमला तर उत्तम, नाही जमला तरी अडत नाही. दुसऱ्या गेममध्ये तीन बेटं एकदम खुली होतात आणि माणूस हरवतो. तिथे सोडून देऊ नका, हिंट घ्या, पण शेवटापर्यंत पोहोचा. ‘रिटर्न’साठी तो शेवट पाहिलेला असणं हीच एकमेव सक्तीची अट समजा.

एकच गेम खेळायचाय, पुढे मालिकेत पडायचं नाही? मग पहिला. तो स्वतःत पूर्ण आहे, लांबट नाही, आणि मधोमध कप्पी बसवलेली रबरी कोंबडी कशासाठी असते हे एकदा तरी स्वतः शोधून काढावं.

लहान मुलासोबत खेळायचं असेल तर ‘कर्स’ किंवा ‘रिटर्न’. पहिल्या दोघांत वाचायला फार आहे आणि मूल कंटाळतं. ‘रिटर्न’मध्ये आवाज आहेत, उजळणाऱ्या जागा आहेत, आणि तिथे मी वर सांगितलेला अवघड मार्गाचा हट्ट सोडून द्या. बाप मुलाला गोष्ट सांगतोय हा धागा त्या गेममध्येच असल्यामुळे ही जोडी वेगळीच जमते. पहिल्या अपवादात तुम्ही मोडता.

दुसरा अपवाद हाताशी असलेल्या यंत्राचा. जुन्यांचं खरं घर म्हणजे संगणक. ‘रिटर्न’ मात्र विंडोज, मॅक आणि स्विचवर आला, मग प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सवर, आणि 2023मध्ये फोनवरही. संगणक नसेलच तर थेट ‘रिटर्न’ घेण्यात गैर काही नाही. फक्त चिकटवही पूर्ण ऐका, आणि शक्य झालं तर दुसऱ्या गेमच्या शेवटची पंधरा मिनिटं कुणाच्या तरी व्हिडिओत बघून घ्या. एरवी मी असं कधी सुचवत नाही.

ज्यांनी नव्वदच्या दशकात पहिले दोन खेळले आणि नंतर सोडून दिले, त्यांनी ही तुलना वाचायचीच गरज नव्हती. हा गेम तुमच्यासाठीच केलाय, चित्रांकडे कानाडोळा करा आणि सुरू करा. उलट पाचही गेम्स पाठ असलेले, पण नव्या चित्रांवरून 2022पासून रुसून बसलेले जे आहेत, त्यांची समजूत मी काढणार नाही. सगळ्यांत जास्त मजा त्यांचीच राहून गेलीय, एवढंच.

आणि एक व्यवहारातली सूचना. ‘रिटर्न’ संपला की त्या चिकटवहीत गिल्बर्टचं एक पत्र येतं, त्यात त्याने रहस्याबद्दल स्वतःचं म्हणणं मांडलंय. ते लगेच उघडू नका. आधी तुमचा शेवट तुम्ही ठरवा, एक दिवस जाऊ द्या, मग वाचा.